मानशीखालचा चोणक

मांडवीत चोणक गरवायचा तर लूअरचा रंग नंतर, आधी पाणी बघायचं. ओहोटीला खाजनातलं पाणी मानशीच्या दारांतून नदीत उतरतं, त्याबरोबर कोळंबीही येते. चोणक तिथेच दबा धरून असतो. म्हणून मी मऊ, कोळंबीसारखा लूअर घेते. हळू ओढायचा, मध्येच थांबायचं. त्या थांबण्यावरच मासा बहुधा झडप घालतो.

पप्पा म्हणतात, "मोठा मिळाला तर घरी आण गो!" पण चोणक आधी नर असतो, वाढल्यावर मादी होतो. सगळ्यात मोठे ते बहुतेक माद्याच. म्हणून गळाचं उलटं टोक मी पक्कडीने आधीच दाबून टाकते. सोडताना तोंड फाटत नाही. पप्पा कुरकुरतात. शुक्रवारच्या कढीला मध्यम चोणक पुरतो.