सरकती खोली आणि मॉन्युमेंट व्हॅलीतली एक सकाळ

गेल्या वर्षी मे महिन्याच्या सुट्टीत अम्मीला घेऊन मी भाईकडे अमेरिकेला गेले. भाई अ‍ॅरिझोना राज्यातल्या फीनिक्स शहरात नोकरीला आहे. अम्मीला साखरेचा आजार, त्यात गुडघे दुखतात. वॉकरशिवाय चालता येत नाही. हॉटेलमागून हॉटेल बदलायचे, दर दोन तासांनी बाथरूम शोधायचे, हे तिला झेपणारे नव्हते. म्हणून भाईने आठ दिवसांसाठी मोटरहोम भाड्याने घेतली. मोटरहोम म्हणजे चाकांवरचे घर. झोपायला पलंग, गॅसची शेगडी, फ्रीज, बाथरूम, सगळे एका लांबलचक गाडीत.

तिथे रस्त्यावर गाडीची रुंदी साधारण साडेआठ फुटांपर्यंतच चालते. तेवढ्यात घर कसे बसवायचे? यासाठी त्यांनी एक युक्ती केली आहे. गाडीच्या भिंतीचा एक मोठा भाग, त्यावरच्या सोफ्या-टेबलासकट, बटण दाबले की दोन-तीन फूट बाहेर सरकतो. याला 'स्लाइड-आउट' म्हणतात. आपल्याकडे घराला पडवी काढतात ना, तशी ही विजेवर चालणारी पडवी! आमच्या गाडीत सोफा याच सरकत्या खोलीत होता आणि तोच अम्मीचा बिछाना. खोली बाहेर असली की वॉकर घेऊन मागच्या बाथरूमपर्यंत सहज जाता येई. आत असली की सोफा आणि ओटा यांच्यात वीतभर जागा उरे. जानमाज अंथरायलासुद्धा खोली बाहेर काढावी लागे.

ग्रँड कॅन्यन पाहिले, पेज गावाजवळचे ग्लेन कॅन्यन धरण पाहिले आणि चौथ्या दिवशी दुपारी आम्ही मॉन्युमेंट व्हॅलीला पोहोचलो. अ‍ॅरिझोना आणि युटा या दोन राज्यांच्या सीमेवरचा हा प्रदेश नवाहो या आदिवासी लोकांचा आहे. १९५८ पासून त्यांनी तो स्वतःचे उद्यान म्हणून राखला आहे. सपाट वाळवंटातून शेकडो फूट उंच लाल खडक सरळ उभे राहिले आहेत. मातीत लोह असल्याने तो लाल रंग. त्यातले दोन खडक अंगठा वेगळा काढलेल्या हातमोज्यांसारखे दिसतात, म्हणून त्यांना 'मिटन्स' म्हणतात. खडकांमधून फिरणारा १७ मैलांचा कच्चा रस्ता आहे. त्यावर मोटरहोमला परवानगी नाही, म्हणून नवाहो वाटाड्याच्या जीपमधून गेलो. त्याने आम्हाला 'होगन' हे त्यांचे मातीने लिंपलेले पारंपरिक घर दाखवले. त्याचे दार नेहमी पूर्वेला असते. अम्मी बराच वेळ त्या घराकडे बघत राहिली. "हे घर जागेवरून हलत नाही, ते बरं," एवढेच म्हणाली. दुसऱ्या दिवशी तिचे बोल आठवले.

सकाळी निघायची तयारी झाली. अम्मीला बाहेर खुर्चीवर बसवले आणि भाईने खोली आत घ्यायचे बटण दाबले. घरघर झाली, खोली अर्धी आत आली आणि थांबली. पुन्हा बटण दाबले. पुढचा कोपरा चार बोटे आत सरकला, मागचा जागचा हलला नाही. खोली तिरकी झाली. भाई बटण दाबतच राहिला. आतून कर्रर्र असा आवाज आला आणि भाभी ओरडली, "अहो, थांबा!"

आता पंचाईत अशी की खोली बाहेर असताना गाडी चालवता येत नाही आणि अर्धी आत आल्याने बाथरूमची वाट बंद. अम्मीला जायचे होते. भाभी तिला धरून खडीवरून मैदानाच्या सार्वजनिक बाथरूमकडे निघाली. वॉकरची चाके खडीत रुतत होती. भाईचा चेहरा पडला. "अम्मीला आराम मिळावा म्हणून ही गाडी घेतली," तो पुटपुटला. त्यात आणखी एक भर. अ‍ॅरिझोनात उन्हाळ्यात घड्याळे पुढे करत नाहीत, पण नवाहो प्रदेशात आणि युटात करतात. आमच्या भिंतीवरच्या घड्याळात नऊ वाजले होते, तिथे दहा झाले होते. अकराला जागा सोडायची होती. मी कार्यालयात धावले. तिथली नवाहो मुलगी हसली. घड्याळाची ही चूक पुष्कळ पाहुणे करतात म्हणाली आणि एक तास वाढवून दिला.

परत आले तर शेजारच्या गाडीतले एक वयस्क गृहस्थ भाईजवळ उभे होते. निवृत्तीनंतर नवरा-बायको वर्षभर मोटरहोममध्येच राहतात. त्यांनी पहिली गोष्ट सांगितली ती ही : "बटणावरचा हात काढा."

मग त्यांनी समजावले. आमच्या खोलीला दोन्ही बाजूंना दातेरी पट्ट्या आणि प्रत्येक बाजूला एक लहान मोटर होती. दोन्ही मोटरी बरोबरीने फिरल्या तरच खोली सरळ सरकते. मला आमचे जुने लाकडी कपाट आठवले. त्याचा ड्रॉवर एका बाजूने ओढला की तिरका होऊन अडकतो. जोर लावावा तितका जास्त रुततो. इथेही तेच झाले होते.

पण मोटरी मागेपुढे का झाल्या? त्यांनी आमच्या बॅटरीला मीटर लावला. भरलेली बॅटरी साडेबारा व्होल्टच्या वर दाखवते; आमची साडेअकराच्याही खाली होती. मैदानातल्या विजेच्या खांबावर पाहिले, तर आमचा ब्रेकर पडलेला! संध्याकाळी आम्ही एसी, मायक्रोवेव्ह आणि पाण्याची किटली एकदम लावली होती. एसी बंद पडला तेव्हा वाटले, हवा थंड झाली म्हणून थांबला असेल. दिवे चालू होते, कारण ते बॅटरीवर चालतात. वाळवंटातली रात्र गार, म्हणून हीटरचा पंखा रात्रभर फिरला, तोही बॅटरीवर. सकाळी तीच थकलेली बॅटरी एवढी जड खोली ओढायला लावली.

ब्रेकर उचलला, गाडीचे इंजिनही चालू केले आणि अर्धा तास थांबलो. तेवढ्यात भाभीने चहा केला आणि त्या गृहस्थांच्या पत्नीही आमच्यात येऊन बसल्या. मग त्यांनी सांगितले, खोली आत घ्यायची असेल तर आधी पूर्ण बाहेर सोडा. भाईला पटेना. पण त्याने बाहेरचे बटण दाबून धरले. खोली टोकाला गेली, तरी मोटरी आपोआप थांबेपर्यंत बोट उचलले नाही. त्यामुळे दोन्ही बाजू पुन्हा एका रेषेत आल्या. मग आत घ्यायचे बटण एकदाच, मध्ये न सोडता. ते एका कोपऱ्याला आणि मी दुसऱ्या कोपऱ्याला लक्ष ठेवून उभे. खोली सरळ आत गेली. अम्मीने खुर्चीवरून दोन्ही हात उचलून त्यांना दुआ दिली. भाषा कळली नाही, तरी त्यांनी टोपी काढली.

आपल्यापैकी पुष्कळांची मुले-भावंडे परदेशात आहेत आणि असा सफर आता कुटुंबे करू लागली आहेत. म्हणून आमच्या अनुभवातून काही सांगते. गाडी ताब्यात घेतानाच खोली दोनदा आत-बाहेर करून पाहा आणि मोबाइलवर चित्रण करून ठेवा. वीज नसेल तेव्हा ती हाताने आत कशी घ्यायची, हे विचारून घ्या. काही गाड्यांत त्यासाठी फिरवायचा दांडा असतो. काहींत मोटर सोडवून तीन-चार माणसांनी खोली ढकलावी लागते. खोली हलवण्याआधी गाडी समतल आहे का, खाली चप्पल-खेळणे पडले नाही ना, बाहेर फांदी किंवा खांब नाही ना, हे पाहा. मुलांना दूर ठेवा. बॅटरी आणि खांबावरचा ब्रेकर रोज सकाळी बघा. आणि खोली अडली तर जोर न लावता थांबा. दात तुटले तर मग कारागीर आल्याशिवाय गाडी हलत नाही.

पुढचे चार दिवस खोली एकदाही अडली नाही. रोज सकाळी अम्मीच भाईला विचारायची, "बेटा, खांबावरचं बटण पाहिलंस का?"