चेरीच्या आधी फुलणारे टोकियो

जपान म्हटले की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर फुजी पर्वत, बुलेट ट्रेन आणि चेरीची फुले उभी राहतात. मार्चअखेरीस चेरी फुलली की टोकियोच्या बागांत पाय ठेवायला जागा नसते. पण त्याआधी महिनाभर, थंडीमुळे कोटाच्या खिशातून हात बाहेर काढवत नाही अशा दिवसांत, या महानगरात दुसरेच एक झाड बहरलेले असते. त्याचे नाव उमे. जगभर त्याला प्लम म्हणतात खरे, पण आपल्या बाजारात मिळणाऱ्या आलुबुखाराचे हे झाड नव्हे. ते जर्दाळूला अधिक जवळचे आहे.

आपल्याकडे माघात आंबा मोहोरतो, साधारण त्याच सुमारास टोकियोत उमे फुलते. चेरीची फुले लांब देठांवर झुबक्यांनी लोंबतात. उमेचे फूल मात्र काळसर, खडबडीत फांदीला अगदी चिकटून उमलते. पांढरे, गुलाबी, गर्द लाल असे त्याचे रंग असतात आणि त्याला मंद सुगंध असतो. चेरीचा भर आठवडाभरात ओसरतो. उमेच्या वेगवेगळ्या जाती मात्र फेब्रुवारीच्या आरंभापासून मार्चच्या मध्यापर्यंत पाळीपाळीने फुलत राहतात.

हे झाड मूळचे चीनमधले. जपानी दरबाराला त्याचे इतके वेड होते की, आठव्या शतकातील ‘मान्योशू’ या काव्यसंग्रहात उमेवर शंभराहून अधिक कविता आहेत, तर चेरीवर सुमारे चाळीसच! २०१९ मध्ये सुरू झालेल्या ‘रेइवा’ या राजवटीचे नावही याच ग्रंथातील उमेच्या कवितांच्या प्रस्तावनेतून घेतले आहे.

विद्येच्या देवतेच्या अंगणात

टोकियोत उमे पाहण्याची सुरुवात युशिमा तेन्जिन या देवस्थानापासून करावी. चियोदा मेट्रो मार्गावरील युशिमा स्थानकापासून ते चालत काही मिनिटांवर आहे. येथे पूजा होते ती सुगावारा नो मिचिझाने या विद्वान कवी-मंत्र्याची. दरबारी कारस्थानांमुळे ९०१ मध्ये त्याला क्योतोहून दूर क्युशू बेटावर धाडण्यात आले आणि ९०३ मध्ये तेथेच त्याचा अंत झाला. त्याच्या अंगणातील लाडके उमेचे झाड विरह सहन न होऊन एका रात्रीत उडत त्याच्याकडे गेले, अशी आख्यायिका आहे. पुढे मिचिझाने विद्येचा देव ठरला. म्हणूनच जेथे तेन्जिनचे देऊळ, तेथे उमेचे झाड हे समीकरण जपानभर आढळते.

युशिमात सुमारे तीनशे झाडे आहेत. त्यात पांढऱ्या फुलांची अधिक. फेब्रुवारी-मार्चमध्ये येथे उमे महोत्सव भरतो. नेमका हाच काळ जपानमधील विद्यापीठांच्या प्रवेश परीक्षांचा! ‘एमा’ नावाच्या लाकडी पाट्यांवर मुले आपापल्या मागण्या लिहून टांगतात. पाट्यांची एवढी दाटी होते की फुलांइतकीच नजर त्यांच्यावरही खिळते. मुलांच्या दहावी-बारावीला देव पाण्यात घालून बसणाऱ्या आपल्याकडच्या आईबापांना हे दृश्य परके वाटणार नाही. देवळाकडे जायला दोन वाटा आहेत: ‘ओतोकोझाका’ म्हणजे पुरुषांचा चढ, सरळ आणि उभा, तर ‘ओन्नाझाका’ म्हणजे बायकांचा चढ, सावकाश वर नेणारा. सोबत वडीलधारी मंडळी असतील तर दुसरीच वाट धरावी. फुलेही तिच्या कडेला भरपूर आहेत.

राजवाडा आणि उपनगर

सम्राटांच्या राजवाड्याच्या पूर्व उद्यानात ‘बाइरिनझाका’ म्हणजे उमेवनाचा उतार आहे. एदोचा किल्ला बांधणाऱ्या ओता दोकान या सरदाराने १४७८ मध्ये तेथे तेन्जिनची स्थापना करून उमे लावली, असे सांगतात. आजची झाडे १९६७ मध्ये लावलेली आहेत. प्रवेश विनामूल्य आहे; मात्र सोमवारी व शुक्रवारी उद्यान बहुधा बंद असते.

झाडांची गर्दी पाहायची असेल तर सेतागाया भागातील हानेगी उद्यान गाठावे. ओदाक्यू रेल्वेच्या ज्या स्थानकावर उतरायचे त्याचे नावच उमेगाओका, म्हणजे उमेची टेकडी. उद्यानात साडेसहाशेच्या आसपास झाडे आहेत. सुटीच्या दिवशी आजूबाजूची कुटुंबे सतरंज्या आणि डबे घेऊन येथे येतात. परदेशी पर्यटकांसाठी सजवलेले टोकियो नव्हे, तर टोकियोकरांचे टोकियो पाहायचे असेल तर ते येथे दिसते.

गेलेली झाडे, लावलेली झाडे

उमेच्या बागा पाहताना एक गोष्ट हळूहळू ध्यानात येते. या शहराने ही झाडे पुन्हा पुन्हा गमावली आहेत आणि पुन्हा पुन्हा लावली आहेत.

शहराच्या पूर्वेकडील कामेइदो येथे एक प्रसिद्ध उमेबाग होती. तेथील एका झाडाच्या फांद्या जमिनीत शिरून पुन्हा वर येत, म्हणून त्याला ‘पहुडलेला ड्रॅगन’ म्हणत. चित्रकार हिरोशिगेने १८५७ मध्ये त्याचे चित्र छापले. व्हॅन गॉगने ते पाहिले आणि १८८७ मध्ये तैलरंगात त्याची नक्कल केली. १९१० च्या महापुरात मात्र ती बाग उद्ध्वस्त झाली. आज तेथे केवळ खुणेचा दगड उरला आहे. जवळच्या कामेइदो तेन्जिनच्या आवारात मात्र आजही उमे फुलते आणि फुलांच्या आडून ६३४ मीटर उंचीचा स्कायट्री मनोरा डोकावतो.

मुकोजिमा हयाक्काएन ही बाग तर एका जुन्या वस्तूंच्या व्यापाऱ्याची निर्मिती. साहारा किकू याने १८०४ मध्ये कवी-चित्रकार मित्रांच्या मदतीने ती उभारली. आरंभी तेथे ३६० उमेची झाडे होती. सरदारांच्या बागांसारखा डामडौल तिच्यात नाही. १९४५ च्या बॉम्बहल्ल्यात ती जळून गेली. १९४९ मध्ये नव्याने लावून लोकांसाठी खुली झाली.

सर्वांत अलीकडचा घाव टोकियोच्या पश्चिम टोकाला, ओमे या गावी बसला. तेथील योशिनो खोरे उमेसाठी प्रसिद्ध होते. २००९ मध्ये तेथे झाडांवर एक विषाणू आढळला. माणसाला त्यापासून धोका नाही. पण मावा किडीमुळे तो झाडाझाडांत पसरतो आणि रोगट झाडावर इलाज नसतो. अखेर २०१४ मध्ये, त्या वर्षीचा बहर संपताच, उमे उद्यानातील उरलीसुरली सर्व झाडे तोडावी लागली. पोटच्या पोरासारखी वाढवलेली झाडे आपल्याच गावात तोडली जाताना पाहणे किती कठीण, हे बागायतदाराला सांगायला नको. पण गावाने उमेचा नाद सोडला नाही. २०१६ पासून पुन्हा रोपे लावली जाऊ लागली. जुन्या बहराची सर यायला अजून कित्येक वर्षे लागतील. तरीही तरुण झाडांची ही टेकडी पाहायला हिनातावादा स्थानकावर जरूर उतरावे.

जाता जाता

उमे पाहायला जाताना गरम कपडे आणि चालण्याचे बूट हवेतच. शक्यतो सकाळी, कामाच्या दिवशी जावे. फोटोसाठी फांदी ओढू नये. देवळांच्या आसपास मीठ घालून वाळवलेली आंबट ‘उमेबोशी’ मिळते. आपल्या खारवलेल्या लिंबाची आठवण करून देणारी ही चव भाताबरोबर झकास लागते. उमेचे फळ पिकते ते जूनमध्ये, म्हणून जपानी लोक त्या दिवसांतील पावसाळ्याला ‘उमेचा पाऊस’ या अर्थाच्या चित्रलिपीत लिहितात.

चेरी पाहायला सारे जग जाते. पण बर्फ पडत असताना फुलायचे धाडस करणारे झाड पाहायचे असेल, तर तिकीट महिनाभर आधीचे काढावे. गर्दीही कमी असते.