मानवशास्त्राच्या पदवीचा हिशेब

इरावती कर्वे १९२८ साली बर्लिनला गेल्या, तेव्हा त्यांचे सासरे महर्षी धोंडो केशव कर्वे यांना हा बेत पसंत नव्हता. पती दिनकरराव मात्र ठाम होते, आणि पैशांची सोय जीवराज मेहता यांच्या मदतीने झाली. स्त्रीशिक्षणासाठी आयुष्य वेचलेल्या घरातही ही पदवी सहज पदरात पडली नाही, हे मला नेहमीच लक्षणीय वाटत आले आहे. बर्लिनमध्ये त्यांचे मार्गदर्शक होते ऑयगेन फिशर, वंशशास्त्रातले तेव्हाचे मोठे नाव आणि पुढे नाझी राजवटीला साथ देणारे. कवटीच्या दोन बाजूंमधली असमानता वंशागणिक बदलते का, हा प्रबंधाचा विषय. गुरूची अपेक्षा काय आहे हे ठाऊक असूनही मोजमापांवरून इरावतीबाईंनी लिहिले, की असा संबंध आढळत नाही. परक्या देशात, दुसऱ्याच्या मदतीवर शिकणाऱ्या पंचविशीतल्या विद्यार्थिनीने एवढे लिहिणे सोपे नव्हते. (भारतात परतल्यावर डोकी आणि नाके मोजणे त्यांनी सोडले नाही, हेही त्यांच्या भक्तांनी विसरू नये.) साहित्याच्या वाचकांना त्या १९६७ च्या ‘युगान्त’मुळे परिचित असतात, पण महाभारतातल्या माणसांकडे आधी कोणाचे कोण म्हणून पाहणारी ती नजर बर्लिन, डेक्कन कॉलेज आणि गावोगावची भटकंती यांतून घडलेली आहे.

असे दाखले आणखी देता येतात. कर्ट व्हॉनेगट यांचा प्रबंध शिकागो विद्यापीठाने नाकारला आणि १९७१ साली ‘कॅट्स क्रेडल’ ही कादंबरीच प्रबंधाच्या जागी धरून त्यांना पदवी दिली. अमिताव घोष यांनी ऑक्सफर्डच्या डॉक्टरेटसाठी इजिप्तमधल्या खेड्यात मुक्काम केला, त्यातून पुढे ‘इन अ‍ॅन अँटिक लँड’ आले. पण हा सगळा युक्तिवाद विद्यापीठाच्या माहितीपत्रकात शोभतो. बाकीच्यांचे काय?

मी त्या बाकीच्यांपैकी. १९९० च्या दशकात पुण्यात मानवशास्त्रात एम.ए. केले. फी म्हणावी अशी नव्हतीच. खरा खर्च होता दोन वर्षे न कमावण्याचा, आणि तो माझ्या थोरल्या भावाने सोसला. पदवीनंतर चार वर्षे कंत्राटी पाहण्यांमध्ये गेली. तीन-तीन महिन्यांचे काम, छापील प्रश्नावली, आणि उत्तर देणाऱ्याचे नाव ‘लाभार्थी’. हा विषय शिकवणारी महाविद्यालये महाराष्ट्रात मोजकी. तिथे जागा निघाल्याच नाहीत. शेवटी मराठीत दुसरे एम.ए. केले आणि त्यावर आजवर पोट चालले आहे. पोटासाठी मराठीचा आश्रय घेणारी मी बहुधा एकटीच असेन.

यंदा माझ्या त्याच भावाच्या मुलीला मानवशास्त्र शिकायचे आहे. पुण्यात प्रवेश मिळतो आहे, आणि लंडनच्या एका विद्यापीठातही, जिथे एका वर्षाची फी आणि राहणे मिळून आकडा चाळीस लाखांच्या पुढे जातो. त्यासाठी राहते घर बँकेकडे तारण जाईल. भावाने विचारले, “तू शिकलीस ना ते? मग सांग.” शेजाऱ्यांच्या मुलाने हाच विषय स्पर्धा परीक्षेला वैकल्पिक म्हणून घेतला आहे, हेही त्याने ऐकवले. अभ्यासक्रम आटोपशीर असतो म्हणून तो घेतात. दिल्लीच्या शिकवणीवर्गांच्या झेरॉक्स नोट्सवर तो तरून जातो, गावात एक रात्रही न काढता.

मला या पदवीने जे दिले, ते त्या रात्रींत दिले. जुन्नर तालुक्यातल्या एका महादेव कोळी वस्तीवर तीन आठवडे राहून आम्ही वंशावळी उतरवत होतो. पुरुषाला त्रिकोण, स्त्रीला वर्तुळ, विवाहाला बरोबरचे चिन्ह, मृताला आडवी रेघ. एका म्हातारीने माझा कागद पाहून विचारले, “माझं लग्न कोणतं नि पाट कोणता, ते यात कुठं दिसतंय?” दिसत नव्हते. पहिल्या नवऱ्याशी लग्न, त्याच्यामागे दुसऱ्याशी पाट. माझ्या कागदावर दोन्हीकडे तेच बरोबरचे चिन्ह. पाटाच्या बायकोला कोणत्या विधीत पुढे होता येते, कोणत्या नाही, हे समजायला आणखी दोन दिवस लागले, आणि त्या दोन दिवसांत मी प्रश्नावली उघडली नाही. आजही वर्गात जुन्या कादंबरीतली सून सासूला ‘आत्याबाई’ का म्हणते असे कोणी विचारले, तर मी मुलांना मामाच्या मुलीशी लग्न करण्याची रीत फळ्यावर काढून दाखवते. मुलाच्या मामाची मुलगी सून होऊन आली, की सासू ही तिच्या वडिलांची बहीण असते. संबोधनात एक अख्खी विवाहपद्धती दडून बसलेली असते, ही गोष्ट मला साहित्याच्या एम.ए.त कोणी सांगितली नव्हती.

भावाला मी सांगितले, की पुण्याच्या फीत ही पदवी स्वस्त आहे आणि चाळीस लाखांच्या कर्जात घातक. शिष्यवृत्ती मिळाली तर लंडनला जरूर जावे. कर्जाचा हप्ता माणसाला कुठे थांबू देत नाही, आणि या शास्त्रात दोन दिवस जास्तीचे थांबता येणे हेच शिकायचे असते. कर्ज फेडायला निघालेली मुलगी ग्राहकांच्या सवयींचे अहवाल लिहील. ते काम वाईट नाही, पण त्यासाठी घर गहाण टाकण्याची गरज नाही. पुतणी माझ्यावर रागावली आहे.

एक खर्च मात्र या हिशेबात कोणीच धरत नाही. त्या म्हातारीची दोन दिवसांची खुरपणी बुडाली. माहितीसाठी पैसे द्यायचे नाहीत, असा आम्हाला दिलेला दंडक होता. लघुप्रबंधाच्या दोन प्रती आहेत, दोन्ही इंग्रजीत. वंशावळीची नक्कल तेवढी मी तिच्या नातवाला दिली होती. गेल्या वर्षी त्याचा फोन आला. त्याच्या मुलीचा जमातीचा दाखला पडताळणी समितीकडे अडकला होता. कुलदैवत कोणते, लग्नात कोणते विधी, असे प्रश्न तिथे विचारले गेले होते, म्हणजे आमच्याच पुस्तकांतले. अशी आप्तभाव चाचणी ही अंतिम कसोटी नव्हे, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने २०२३ साली दिला आहे आणि १९५० पूर्वीच्या कागदपत्रांना अधिक वजन आहे, हे मी त्याला समजावले. शाळेचा जुना दाखला शोधायला सांगितले. तो म्हणाला, “ताई, तुमचा कागद चालेल का? त्यात पणजोबांपर्यंत सगळी नावं आहेत.” नावे बरोबर आहेत, पण त्यावर कोणत्याही कचेरीचा शिक्का नाही.