बारकसचा हरीस

नांदेड, देगलूर, उदगीरकडच्या माणसाला हैदराबाद परकं नाही. दवाखाना, लग्नाचा बस्ता, पाहुणेरावळे, काही ना काही निमित्त असतंच. चारमिनार बघून, बिर्याणी खाऊन आपण परततो. पण चारमिनारच्या दक्षिणेला चंद्रायणगुट्ट्याच्या पुढं बारकस नावाची वस्ती आहे, तिकडं आपली पावलं सहसा वळत नाहीत.

बारकस म्हणजे मूळचं बराक्स. येमेनच्या हद्रमौत भागातून आलेल्या निजामाच्या अरब शिपायांची ही छावणी. त्यांनाच चाऊस म्हणत. मराठवाड्यात चाऊस आडनावाची घरं आजही आहेत. जुन्या माणसांच्या बोलण्यात अरब, रोहिले आले, की त्यात धाक असायचा. १७ सप्टेंबर १९४८ नंतर हे सैन्य मोडलं आणि पगार थांबले. काही अरबांना परत पाठवलं गेलं; इथंच जन्मलेले पुष्कळजण राहिले.

छावणी गेली, तरी तिथला हरीस राहिला. अरबीत 'हरस' म्हणजे कुटणं. गहू आणि मटण मंद आंचेवर तासन्‌तास शिजवायचं आणि लाकडी घोटणीनं घोटत राहायचं. शेवटी गहू कुठला, मटण कुठलं हे ओळखू येत नाही. मसाला जेमतेम, वरून तूप. दहाव्या शतकात बगदादला लिहिलेल्या पाकग्रंथातही हा पदार्थ आहे. २०२३ मध्ये युनेस्कोनं आखाती देशांतल्या हरीसला वारसा म्हणून मान्यता दिली.

याच हरीसमध्ये हैदराबादनं डाळी आणि गरम मसाला घातला आणि हलीम झालं. २०१० मध्ये त्याला भौगोलिक मानांकन मिळालं. हलीमची खरी गर्दी रमजानच्या संध्याकाळी. बारकसचा हरीस मात्र सकाळच्या न्याहारीचा. खारा मिळतो, तसा साखर घातलेला गोडही मिळतो. मटण आणि साखर म्हटल्यावर आपण दचकतो. पण गव्हाची खीर खाणाऱ्याला त्याचा मऊपणा ओळखीचा वाटेल.

अलीकडं या रस्त्यावर मंदीची हॉटेलं वाढली आहेत. तिथं भात आणि मटणाच्या एकाच मोठ्या थाळीभोवती चारजण बसून जेवतात. इथले पेरूही नावाजलेले, आणि त्यांना आपल्यासारखंच 'जाम' म्हणतात.

ज्यांच्या नावाचा एकेकाळी धाक होता, त्यांच्या वस्तीत आज लोक न्याहारीला जातात. पुढच्या खेपेला सकाळी थोडं लवकर निघा. हरीस उशिरा येणाऱ्यासाठी थांबत नाही.