चक्रवाकाच्या गावी एक दिवस

रब्बीच्या दिवसांत शेतकऱ्याच्या घरी नवरा-बायकोची गाठ कशी पडते, हे आपणांस सांगायला नको. पंपाची लाईट रात्रीची. जेवण झाले की कारभारी घोंगडी आणि बॅटरी घेऊन गव्हाला पाणी भरायला निघतो. पहाटे परततो, तेव्हा कारभारीण धारेला बसलेली असते.

आमच्या घरीही तेच. गेल्या डिसेंबरात मंडळी हसत म्हणाली, "अहो, कांद्याच्या रोपाची करता तशी माझी विचारपूस कधी करणार?" ती हसली, पण मला ते लागले. धाकट्या भावावर दूध आणि पाणी सोपवून, दोन्ही पोरांना घेऊन आम्ही नांदूर मध्यमेश्वर गाठले.

निफाडपासून हे ठिकाण सुमारे १२ किलोमीटर. गोदावरी आणि कादवा यांचा इथे संगम. विसाव्या शतकाच्या आरंभी इथे बंधारा झाला. मागे गाळ साचला, उथळ पाणी पसरले, पाणवनस्पती माजल्या आणि पाखरांना हक्काचे घर मिळाले. १९८६ साली अभयारण्य जाहीर झाले. रामसर यादीत आलेले हे महाराष्ट्रातले पहिले पाणथळ.

निफाडची थंडी कडक. पोरांना कानटोप्या घालून सकाळी लवकरच मनोऱ्यावर चढलो. धुके विरले आणि पाणी पाखरांनी भरलेले दिसले. जांभळ्या पाणकोंबड्या, चमचे, चित्रबलाक, नाना जातींची बदके! थोरली मोजू लागली आणि शंभरावर थकली. धाकटा आईच्या पदरात शिरून नुसता बघत राहिला.

एवढ्यात बरोबरच्या वाटाड्याने नारिंगी रंगाची एक जोडी दाखवली. ते चक्रवाक. लडाख-तिबेटकडून हिवाळ्यात खाली येतात. जुने कवी सांगत, की दिवसा ही जोडी एकत्र असते. रात्र झाली की एक या तीरावर, एक त्या तीरावर, आणि रात्रभर एकमेकांना हाका.

मंडळी चटकन म्हणाली, "म्हणजे आपल्यासारखीच की! फरक एवढाच, की ती हाका तरी मारतात."

मी काय बोलणार? पोरे खेळात रमली, तशी आम्ही झाडाखाली बाजरीची भाकरी, ठेचा आणि गुळाचा खडा सोडून बसलो. तिच्या माहेरचे, थोरलीच्या शाळेचे, तिच्या दुखऱ्या गुडघ्याचे, सारे त्या दिवशी कळले. गुडघा दोन महिन्यांपासून दुखत होता.

खर्च म्हणाल तर एस.टी.चे भाडे, प्रवेशाचे आणि वाटाड्याचे पैसे. भाकरी घरची. नांदूर लांब पडत असेल, तर जायकवाडी किंवा उजनीचा काठ आहे. तेही नसेल, तर गावचा पाझर तलाव आहे. पाखरे तिथेही येतात.

तेव्हा वाचकहो, या थंडीत एक दिवस काढाच. पाणी भाऊ भरील. विचारपूस मात्र आपणच करायची असते.