घड्याळाचें अंतर आणि पायांचें अंतर

पूर्वींचें मनगटी घड्याळ वेळेपलीकडे कांहीं सांगत नसे. आतांचें घड्याळ आपण किती धांवलों, कोणत्या वेगानें धांवलों, छातीचे ठोके किती पडले, हें सारें सांगतें. सोय मोठी खरी. परंतु यंत्राचा आंकडा म्हणजे देववाणी मानिली कीं तीच सोय मनस्तापाचें कारण होते.

आमचे धाकटे बंधु अठ्ठेचाळिसाव्या वर्षीं प्रथमच अर्ध-मॅरेथॉन धांवले. दोन तासांच्या आंत २१.१ किलोमीटर पुरे करावयाचे, असा त्यांचा निश्चय. त्यासाठीं सहा महिने पहांटे उठून त्यांनीं सराव केला होता. शर्यतींत घड्याळानें अंतर पुरें झाल्याचें सांगितलें, तेव्हां एक तास एकोणसाठ मिनिटें झालीं होतीं. पण शेवटची कमान अजून तीनशें मीटर दूर! ती गांठेपर्यंत दोन तासांवर चाळीस सेकंद गेले. घरीं येतांच ते आयोजकांविरुद्ध तक्रारअर्ज लिहावयास बसले. "मार्ग लांब आंखला, दादा, सहा महिन्यांची मेहनत पाण्यांत गेली," हें एकच पालुपद. वहिनी शांतपणें म्हणाल्या, "अर्ज मागाहून लिहा, चहा निवतो आहे."

वस्तुतः यांत लबाडी कोणाचीच नव्हती. मनगटावरील यंत्र रस्ता मोजीत नाहीं; तें क्षणोक्षणीं आपला ठाव काढतें. सुमारें २०,२०० किलोमीटर उंचीवरून उपग्रह वेळेची खूण असलेले संदेश धाडतात. संदेश पोंचण्यास लागलेल्या वेळावरून उपग्रहाचें अंतर निघतें, व अशा चार उपग्रहांवरून आपली जागा ठरते. या हिशोबांत सेकंदाच्या दशलक्षांश भागाची चूक म्हणजे ३०० मीटरांचा फरक! उघड्या आभाळाखालीं चूक थोड्या मीटरांचीच असते. परंतु उंच इमारतींमध्यें संदेश भिंतीवर आदळून वळशानें येतो, आणि घड्याळ त्या वळशासच सरळ वाट समजतें. दाट झाडीखालीं तो क्षीण होतो. मग सरळ धांवणाऱ्याची रेघ नकाशावर नागमोडी उमटते व अंतर फुगतें. उलट, टिपणें दूरदूरचीं असलीं तर वळणें कापलीं जाऊन अंतर घटतें. दोन वारंवारितांवर संदेश घेणाऱ्या नव्या घड्याळांत हा दोष कमी असतो, पण नाहींसा होत नाहीं.

शर्यतीचा मार्ग निराळ्या रीतीनें मोजतात. प्रमाणित मार्गावर गणकयंत्र बसविलेली सायकल शक्य तितक्या जवळच्या वाटेनें, वळणावर कांठापासून ३० सेंटिमीटर राखून, चालवितात; शिवाय अंतर कमी भरूं नये म्हणून किलोमीटरामागें एक मीटर अधिक धरतात. बंधूंच्या शर्यतीचा मार्ग असाच प्रमाणित होता. पण गर्दींतून धांवणारा पाण्याच्या टेबलाकडे वळतो, पुढच्यास बाजूनें ओलांडतो. ती जवळची वाट त्यास कशी साधावी? म्हणजे कांहीं अंतर घड्याळानें वाढविलें आणि कांहीं बंधु खरोखरच अधिक धांवले.

हें समजाविल्यावर अर्ज मागें पडला; परंतु "मग मी हरलोंच," हा सल राहिला. आम्हांस खरी चिंता वाटली ती याचीच. ज्या गृहस्थास गेल्या वर्षीं दोन जिने चढतांना धाप लागे, तो दोन तास अखंड धांवतो. आणि चाळीस सेकंदांपायीं स्वतःस पराभूत समजतो! घड्याळास साक्षीदार मानावें, न्यायाधीश करूं नये.

धांवणाऱ्या वाचकांस आमची सूचना इतकीच: निघण्यापूर्वीं उघड्यावर उभें राहून घड्याळास उपग्रह सांपडूं द्यावे, शर्यतींत मार्गावरील किलोमीटरांच्या पाट्या प्रमाण धरून वेळेचा हिशोब ठेवावा, आणि प्रगति पाहावयाची तर नेहमींच्या एकाच रस्त्यावर लागणाऱ्या वेळाची तुलना करावी. तो रस्ता आज लांब व उद्यां आखूड होत नाहीं.