रेवातटाची रोजकीर्द

नेमावर, सिद्धवरकूट आणि बावनगजा या क्षेत्रांच्या वंदनेसाठी महाराष्ट्रातील अनेक श्रावक कुटुंबे नर्मदेच्या खोऱ्यात जातात. निर्वाणकांडात या नदीचे स्मरण रेवा या नावाने होते आणि तिच्या तटावरून मोक्षाला गेलेल्या मुनींना वंदन केले जाते. दर्शन-पूजन आटोपून यात्रेकरू परततात. परंतु नेमावरहून नदीच्या वरच्या अंगाला, होशंगाबादच्याही (आताचे नर्मदापुरम) पुढे गेले की उत्तर तीरावर सीहोर जिल्ह्यात हथनोरा नावाचे गाव लागते. त्याची ख्याती तीर्थ म्हणून नाही. तरीही मानवाच्या इतिहासात त्याला जे स्थान लाभले आहे, ते भारतातील दुसऱ्या कोणत्याही गावाला लाभलेले नाही.

अमरकंटकहून निघालेली नर्मदा 1312 किलोमीटरचा प्रवास करून खंबातच्या आखाताला मिळते. जबलपूरच्या खाली विंध्य आणि सातपुडा यांच्यामध्ये तिने गाळाचे विस्तीर्ण मैदान रचले आहे. लक्षावधी वर्षे प्रत्येक पुराने येथे काही ना काही आणून टाकले : कधी गोटे व खडी, कधी वाळू, कधी माती. पुढे नदीने स्वतःच हे थर कापले आणि ते उंच काठांच्या रूपाने उघडे पडले. हिवाळ्यापासून उन्हाळ्यापर्यंत पाणी ओसरले की ते नीट दिसतात. सर्वसाधारणपणे तळाशी जुने, वर नवे असा त्यांचा क्रम असतो. व्यापारी घरातील माणसाला हे समजण्यास वेळ लागू नये. रोजकीर्दीची पाने अशीच एकावर एक साठत जातात.

या थरांत प्राण्यांची हाडे सापडतात. मृत प्राण्याचे शरीर गाळाखाली झटकन गाडले गेले तर हाड सहसा कुजून नष्ट होत नाही. जमिनीतील पाण्याबरोबर आलेली खनिजे त्याच्या सूक्ष्म छिद्रांत साठतात आणि हळूहळू हाडाचा दगड होतो. त्यालाच जीवाश्म म्हणतात. नर्मदेच्या काठांतून लांब सुळ्यांचे स्टेगोडॉन, सरळ सुळ्यांचे महाकाय हत्ती, रानबैल, घोडे, एवढेच नव्हे तर पाणघोड्यांचेही अवशेष मिळाले आहेत. आज पाणघोडा भारतात केवळ प्राणिसंग्रहालयात दिसतो. एकेकाळी तो याच पात्रात डुंबत असे. काही थरांत ज्वालामुखीची बारीक राख आढळते. सुमारे 74 हजार वर्षांपूर्वी सुमात्रा बेटावरील टोबा ज्वालामुखीचा प्रचंड उद्रेक झाला, त्याची राख समुद्र ओलांडून येथवर पोहोचली. अशी राख म्हणजे रोजकीर्दीत तारीख घातलेले पान. तिच्या खालचे सर्व काही त्यापूर्वीचे.

या खोऱ्यातील जीवाश्मांची आणि दगडी हत्यारांची दखल एकोणिसाव्या शतकापासून घेतली जात आहे. परंतु ती हत्यारे घडविणाऱ्या मानवाचा एकही अवशेष हाती लागला नव्हता. 5 डिसेंबर 1982 रोजी भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे डॉ. अरुण सोनाकिया यांना हथनोरा येथे गोट्यांच्या घट्ट थरात रुतलेला मानवी कवटीचा भाग आढळला. त्याच थरात स्टेगोडॉनसारख्या प्राण्यांचे अवशेष आणि दगडी हातकुऱ्हाडीही होत्या. पुढे तेथून मानवी गळपट्टीचे हाडही मिळाले. मात्र एवढ्या प्राचीन मानवाची दुसरी कवटी भारतीय उपखंडात अद्याप सापडलेली नाही.

ही कवटी एका प्रौढ स्त्रीची असावी, असे काही अभ्यासकांचे मत आहे. तिला प्रथम होमो इरेक्टस या प्राचीन मानवजातीत गणले गेले. नंतरच्या काहींनी ती आपल्या जातीच्या अधिक जवळची ठरविली. काळाबद्दलही एकमत नाही. कोणी अडीच लक्ष वर्षांच्या आसपास म्हणतात, कोणी त्याच्या दुप्पट. पाठशाळेत पल्योपम आणि सागरोपम ही मापे शिकलेल्यांना लक्ष वर्षांचे भय वाटणार नाही. तथापि शास्त्रातील कालगणना आणि भूशास्त्रातील कालगणना यांची ओढूनताणून सांगड घालण्याचा मोह टाळलेला बरा. दोहोंचे प्रयोजन भिन्न आहे.

मतभेदाचे कारण मात्र समजून घ्यावे. नदी जुन्या थरातील वस्तू उपसून नव्या थरात मिसळते. त्यामुळे जागच्या जागी सापडलेल्या अवशेषाचाही काळ ठरविणे कठीण जाते. मग जागेवरून उचललेल्या हाडाचे काय सांगावे? ते कोणत्या थरातील, किती खोलीवरील, कोणत्या हत्यारांच्या सान्निध्यातील, हे कळण्याचा मार्गच खुंटतो. तारीख नसलेल्या, खाते नसलेल्या पावतीवरून हिशेब जुळत नाही, मग रक्कम कितीही मोठी असो.

आज ही पाने दोन प्रकारे फाटत आहेत. एक, पूर काठ कापतो. ते निसर्गाचे काम आहे. दुसरे, पात्रातून वाळू आणि खडी अनिर्बंध उपसली जाते. ते माणसाचे काम आहे आणि त्यात बाजारपेठेचा वाटा आहे. बांधकामाच्या व्यवसायात आपल्या समाजाची अनेक घराणी आहेत. वाळूचा ट्रक दाराशी येतो तेव्हा भाव आणि माप पाहिले जाते. ती कोठून, कोणत्या परवान्याने आली, हेही तितक्याच काटेकोरपणे पाहिले जावे. भूवारसा स्थळांच्या संरक्षणासाठी केंद्र सरकारने 2022 मध्ये विधेयकाचा मसुदा प्रसिद्ध केला होता. परंतु नदीचे शेकडो किलोमीटरचे काठ केवळ पहाऱ्याने राखले जाणार नाहीत.

येथे श्रावकाचार उपयोगी पडतो. ठेवलेली, पडलेली अथवा विसरलेली परक्याची वस्तू न घेणे, हे अचौर्य अणुव्रताचे स्वरूप लहान मुलांनाही शिकविले जाते. काठावरचे अश्मीभूत हाड ठेवलेलेही आहे, पडलेलेही आहे आणि विसरलेलेही आहे. त्याचा धनी जिवंत नाही, म्हणून ते आपले होत नाही. ते पुढच्या पिढ्यांचे आहे.

पुढील यात्रेत सवड काढून काही कुटुंबांनी मुलांसह हा काठ अवश्य पाहावा. होशंगाबादजवळची आदमगढची चित्रित शैलाश्रये आणि भीमबेटकाही त्याच प्रवासात पाहून होतात. मात्र काठाखाली उभे राहू नये, दरड कोसळते. हाड दिसल्यास ते ओढू वा खणू नये. शेजारी नाणे ठेवून छायाचित्र घ्यावे, जागा टिपून ठेवावी आणि भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या कार्यालयास अथवा जवळच्या विद्यापीठास कळवावे. घरी आणायची ती एवढी नोंद पुरेशी आहे.